बाळंतिणीचे मन आणि कायदा

(महिलांच्या एका सभेत दिलेल्या व्याख्यानाचा वाचकांसाठी लिहून काढलेला मजकूर)



हा विषय डॉक्टरांचा किंवा परिचारिकेचा आहे, वकिलाचा नाही, असे आपणांस प्रथमदर्शनी वाटेल. परंतु न्यायालयाच्या दप्तरात हा विषय वारंवार येतो. मात्र तो स्वतःच्या नावाने येत नाही. घटस्फोटाच्या अर्जात तो ‘प्रतिवादी वेडसर आहे’ ह्या वाक्याच्या रूपाने येतो. मुलाच्या ताब्याच्या दाव्यात ‘ती तान्ह्या मुलाला जवळ घेत नव्हती’ ह्या आरोपाच्या रूपाने येतो. आणि पोलिसांच्या पंचनाम्यात तो विहिरीच्या काठावर सापडलेल्या चपलांच्या रूपाने येतो. त्या वेळी फार उशीर झालेला असतो. म्हणून ह्या विषयाचे खरे नाव आधीच घेतले पाहिजे. बाळंतपणाच्या आधी व नंतर स्त्रीच्या मनाला जो आजार होतो, त्याविषयी मी बोलणार आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. हा आजार खरा आहे, तो ओळखता येतो, आणि तो बरा होतो. त्याअर्थी तो वेळीच ओळखला जावा हा बाळंतिणीचा हक्क आहे. आणि तोच आजार तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरला जाणे हा अन्याय आहे.

आजाराचे स्वरूप

आपल्याकडे बाळंतिणीच्या शरीराची काळजी घेण्याची रीत जुनी आहे. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, सव्वा महिन्याची विश्रांती हे सर्व ज्यांना परवडते त्यांच्या घरी होते. परंतु तिच्या मनाची चौकशी करण्याची रीत आपण पाडलेली नाही. ती रडू लागली तर दृष्ट काढतात. बोलेनाशी झाली तर ‘बाहेरची बाधा’ म्हणतात. आणि मूल घ्यावेसे वाटत नाही असे तिने म्हटले तर तिला आई म्हणण्यास लोक तयार होत नाहीत.

वैद्यकशास्त्र येथे तीन अवस्था वेगळ्या करून दाखविते. पहिली म्हणजे बाळंतपणानंतर तीनचार दिवसांनी येणारे रडू व हळवेपण. पुष्कळ स्त्रियांना हे होते आणि दोन आठवड्यांच्या आत ते आपोआप ओसरते. दुसरी अवस्था नैराश्याची. ती गर्भारपणातही सुरू होऊ शकते आणि बाळंतपणानंतर कित्येक महिने टिकू शकते. झोप मिळण्याची सोय असूनही झोप न लागणे, कशातच मन न रमणे, आपण वाईट आई आहोत ही टोचणी आणि जगणे नकोसे वाटणे ही तिची लक्षणे होत. तिसरी अवस्था विरळ, पण अत्यंत गंभीर. दर हजार बाळंतपणांमागे एखाद-दुसऱ्या स्त्रीला बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच भ्रम होतो, नसलेले आवाज ऐकू येतात, भलत्याच समजुती मनात घट्ट बसतात. अशा वेळी देवऋषीकडे घालविलेला एक दिवस आई व मूल दोघांच्याही जिवावर बेतू शकतो. तिला तत्काळ इस्पितळातच नेले पाहिजे.

भारतात ह्या नैराश्याचे प्रमाण किती आहे? २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात ३८ भारतीय अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात वीस हजारांहून अधिक मातांची माहिती होती, आणि प्रमाण निघाले शेकडा २२. म्हणजे पाच बाळंतिणींमागे किमान एक. एवढ्या स्त्रियांना एकाच वेळी बाधा होते, किंवा एवढ्या स्त्रिया एकाच वेळी कर्तव्यशून्य होतात, असे कोणता विवेकी मनुष्य म्हणेल?

परिचारिकेने काय केले

हा आजार समजून घेण्याच्या कामात परिचारिकांनी मोठी कामगिरी केली आहे. अमेरिकेतील कनेक्टिकट विद्यापीठातील शेरिल टाटानो बेक ह्या परिचारिका-संशोधिकेचे कार्य ह्या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. त्यांनी आरंभीच आकडे मोजले नाहीत. त्या प्रथम ह्या आजारातून गेलेल्या मातांच्या आधारगटात बसल्या, त्यांचे बोलणे ऐकले, आणि बारा मातांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. १९९३ साली त्यांनी त्यातून एक सिद्धान्त मांडला. सर्व मातांच्या बोलण्यात एक गोष्ट समान होती: आपल्या मनावरचा, विचारांवरचा, आयुष्यावरचा आपला ताबा सुटला. बेक ह्यांनी त्या प्रवासाचे चार टप्पे सांगितले. प्रथम भयाने घेरले जाणे. मग पूर्वीची आपण मेलो असे वाटणे. त्यानंतर कसेबसे जगण्याची झुंज. आणि अखेर ताबा हळूहळू परत मिळणे.

हा चौथा टप्पा लक्षात ठेवा. घरच्या मंडळींना दुसरा टप्पा दिसतो आणि तोच शेवट आहे असे समजून ते निर्णय घेऊन मोकळे होतात. मुलीला माहेरी पाठवितात, मूल ठेवून घेतात, वकील गाठतात. परंतु योग्य मदत मिळाली तर बहुसंख्य स्त्रिया ह्या अंधारातून बाहेर येतात.

पुढे बेक ह्यांनी रॉबर्ट गेबल ह्यांच्यासमवेत एक प्रश्नावली तयार केली. तिच्यात ३५ विधाने आहेत आणि ती मातांच्याच अनुभवकथनावर आधारलेली आहेत. झोप व भूक, चिंता, मनाची अस्थिरता, विचारांचा गोंधळ, स्वत्व हरवणे, अपराधाची व लाजेची भावना आणि स्वतःला इजा करण्याचे विचार अशा सात अंगांनी ती मातेची विचारपूस करते. २००१ साली त्यांनी ८४ अभ्यासांचा एकत्रित विचार करून ह्या आजाराची पूर्वचिन्हे दाखविली. गर्भारपणातील नैराश्य, पूर्वी झालेला तसाच आजार, मूल सांभाळण्याचा ताण, आधाराचा अभाव, पतीशी बिनसलेले संबंध, आर्थिक हलाखी आणि इच्छा नसता राहिलेला गर्भ ही त्यांतील काही. वाचकहो, ह्या यादीतील निम्म्याहून अधिक गोष्टी स्त्रीच्या डोक्यात नसून तिच्या घरात आहेत.

२००४ साली बेक ह्यांनी क्लेशदायक प्रसूतीतून गेलेल्या ४० मातांचे अनुभव प्रसिद्ध केले. त्या मातांची तक्रार केवळ वेदनांची नव्हती. आपल्याशी कोणी धड बोलले नाही, काय चालले आहे ते सांगितले नाही, आपली प्रतिष्ठा राखली नाही, आणि मूल सुखरूप आहे ना, मग तुमची काय तक्रार, असे सर्वांनी मानले, हे त्यांचे दुःख होते. आपल्या सरकारी प्रसूतिगृहांत गरीब स्त्रीवर खेकसणे, तिला अरेतुरे करणे, तिची जात तिच्या आडनावावरून ताडून तशी वागणूक देणे हे ज्यांनी सोसले आहे, त्यांना हे परदेशी संशोधन परके वाटणार नाही. केंद्र सरकारने २०१७ साली ‘लक्ष्य’ हा कार्यक्रम काढून प्रसूतिगृहात मातेला सन्मानाने वागविणे हा गुणवत्तेचा निकष ठरविला. अपमान हा बाळंतिणीच्या आरोग्यालाच अपाय आहे, हे त्यामुळे सरकारदप्तरी मान्य झाले.

ऐकणे हाच उपचाराचा आरंभ

हा आजार ओळखल्यानंतर उपचार कोणी करावयाचा? एवढे मानसोपचारतज्ज्ञ आणावयाचे कोठून? ह्या प्रश्नाचे उत्तरही परिचारिकांनीच दिले आहे. स्कॉटलंडमध्ये कॉक्स, होल्डन आणि सगोव्स्की ह्या तिघांनी १९८७ साली दहा प्रश्नांची ‘एडिंबरो’ प्रश्नावली प्रसिद्ध केली. आज ती जगभर वापरली जाते. ह्याच तिघांनी दोन वर्षांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. नैराश्य आलेल्या ५० स्त्रियांपैकी २६ जणींच्या घरी आरोग्य-परिचारिकांनी आठ आठवडे, आठवड्यातून एकदा, जाऊन शांतपणे त्यांचे बोलणे ऐकावयाचे; उपदेश करावयाचा नाही. त्यासाठी परिचारिकांना थोडे प्रशिक्षण दिले होते. तीन महिन्यांनी त्या २६ पैकी १८ स्त्रिया पूर्ण बऱ्या झाल्या होत्या. ज्यांना ही मदत मिळाली नाही त्या २४ पैकी बऱ्या झाल्या फक्त ९.

स्कॉटलंड श्रीमंत देश आहे, आमच्याकडे हे कसे जमणार, अशी शंका कोणी काढील. तर शेजारच्या पाकिस्तानात, रावळपिंडीच्या ग्रामीण भागात, डॉक्टर अतिफ रहमान व त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच काम गावोगावच्या आरोग्य-सेविकांकडून करून घेतले. त्याचे फलित २००८ साली प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनी, मदत मिळालेल्या मातांत नैराश्य शेकडा २३ उरले होते. इतरांत ते शेकडा ५३ होते. आमच्या गावागावांत आशा सेविका आहे, परिचारिका आहे, अंगणवाडी सेविका आहे. त्या बाळाचे वजन करतात, लसीची तारीख सांगतात. त्याच भेटीत आईला दहा प्रश्न विचारावयास किती वेळ लागेल? मात्र ह्या कामाचे प्रशिक्षण आणि मोबदला त्यांना मिळालाच पाहिजे. आधीच अल्प मानधनावर राबणाऱ्या स्त्रीच्या डोक्यावर आणखी एक फुकटचे ओझे ठेवून दुसऱ्या स्त्रीचे कल्याण होत नसते.

बौद्ध वाचकांना येथे पटाचारा थेरीचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. थेरीगाथेवरील अट्ठकथेत तिची हकीकत आहे. बाळंतपणासाठी माहेरी निघालेली ही स्त्री वाटेतच प्रसूत झाली. पती सर्पदंशाने गेला, दोन्ही मुले गेली, आणि माहेरही कोसळले. देहभान हरपून ती हिंडू लागली, तेव्हा लोकांनी वेडी म्हणून तिला हुसकावले. भगवान बुद्धांनी तिला जवळ येऊ दिले, भगिनी म्हणून हाक दिली, तिचे ऐकून घेतले, आणि मग धम्म सांगितला. पुढे तीच स्त्री भिक्खुणीसंघात विनयाची श्रेष्ठ जाणकार गणली गेली. जिला गावाने वेडी ठरविले, तिचे मन पुन्हा ताळ्यावर येऊ शकते, हा ह्या हकीकतीचा आशय आहे. हा क्रमही ध्यानात घ्यावा: आधी ऐकणे आणि मग सांगणे.

गोव्याचा धडा

आपल्या शेजारच्या गोव्यात विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जिल्हा रुग्णालयात २७० गर्भवती स्त्रियांचा बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत मागोवा घेतला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या अभ्यासात, बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी शेकडा २३ मातांना नैराश्य होते. त्यांपैकी शेकडा ७८ जणींचे मन गर्भारपणातच आजारी होते. म्हणजे सावध होण्यास वेळ होता, परंतु विचारणारे कोणी नव्हते. निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनीही आजारीच होत्या. आणि कारणे? दारिद्र्य आणि पतीशी बिघडलेले संबंध ही प्रमुख कारणे आढळली. जन्मलेले अपत्य मुलगा की मुलगी, ह्यावरही बरेच अवलंबून होते. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असेही दिसले की अशा मातांच्या बाळांचे वजन सहाव्या महिन्यात कमी असण्याचा धोका अधिक असतो.

ह्याचा अर्थ स्पष्ट आहे. आईचे मन ही तिची खाजगी बाब राहत नाही. बाळाच्या तराजूवर तिची नोंद होते. आणि ज्या समाजाला मुलीचा जन्म हा अपराध वाटतो, तो समाज त्या अपराधाची शिक्षा प्रथम आईच्या मनाला देतो.

कायदा काय देतो

आता मी माझ्या विषयाकडे येतो. २९ जुलै १९२८ च्या आदल्या दिवशी, म्हणजे २८ जुलै रोजी, मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी असा मुद्दा मांडला होता की, बाळंतपणापूर्वी व नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे, आणि म्हणून त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे. १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. राज्यघटनेच्या ४२ व्या अनुच्छेदाने प्रसूतिसाहाय्याची तरतूद करण्याचे राज्यास सांगितले. १९६१ च्या केंद्रीय कायद्याने बारा आठवड्यांची पगारी रजा दिली. २०१७ साली ती पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची झाली. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ह्या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये अमलात आल्या आहेत. रोजंदारीवरील स्त्रियांनाही हा लाभ नाकारता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महानगरपालिकेच्या खटल्यात २००० साली दिला आहे.

ह्या कायद्यात एक तरतूद अशी आहे की, गर्भारपण किंवा प्रसूती ह्यांतून उद्भवलेल्या आजारासाठी पुरावा दिल्यास आणखी एक महिन्याची पगारी रजा मिळते. तेथे ‘आजार’ एवढाच शब्द आहे. शरीराचा आजार असे म्हटलेले नाही. त्याच्या जोडीला मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ चे कलम २१ वाचावे. मानसिक आजाराच्या रुग्णाला उपचारांच्या बाबतीत शारीरिक आजाराच्या रुग्णाप्रमाणेच वागविले पाहिजे, हे त्याचे तत्त्व आहे. माझ्या मते डॉक्टरांच्या दाखल्यासह प्रसूतिपश्चात नैराश्यासाठी ही रजा मागण्याचा स्त्रीला अधिकार आहे, आणि नोकरदार भगिनींनी तो बजावला पाहिजे. परंतु उसाच्या फडात राबणाऱ्या, दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या स्त्रीला रजाच नाही, तेथे वाढीव रजेची गोष्ट कशाला? तिच्यासाठी राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम, २०१३ ने किमान ६००० रुपयांचा मातृत्वलाभ ठरविला. त्या रकमेत किती दिवसांची विश्रांती विकत मिळते, ह्याचा हिशेब वाचकांनी स्वतःच करावा.

२०१७ च्या अधिनियमातील आणखी काही कलमे प्रत्येक कुटुंबाला माहीत असावीत. कलम १८ प्रमाणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेत मानसिक उपचार मिळण्याचा प्रत्येकास हक्क आहे. कलम २१ प्रमाणेच, उपचारासाठी दाखल झालेल्या स्त्रीपासून तिचे तीन वर्षांखालील मूल सामान्यतः वेगळे करता येत नाही. धोक्यामुळे वेगळे करावेच लागले तर त्या निर्णयाचा दर पंधरा दिवसांनी फेरविचार झाला पाहिजे. कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असेच, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, मानावयाचे आहे. आणि बाधा काढण्याच्या नावाखाली बाळंतिणीला बांधून मारझोड करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

आजार हा पुरावा होऊ शकत नाही

आता घटस्फोटाकडे वळू. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ हा बौद्धांनाही लागू आहे. त्याच्या कलम १३ मध्ये मानसिक विकार हे घटस्फोटाचे एक कारण आहे. परंतु कलमाचे शब्द नीट वाचावेत: विकार अशा स्वरूपाचा व इतका असला पाहिजे की, अर्जदाराने त्या व्यक्तीसोबत राहावे अशी रास्त अपेक्षाच करता येऊ नये. रामनारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता ह्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली स्पष्ट केले आहे की, आजाराचे नुसते नाव पुरेसे नाही. त्याची तीव्रता सिद्ध व्हावी लागते. बरा होणारा, काही महिन्यांचा आजार ह्या व्याख्येत बसविण्याचा प्रयत्न हा कायद्याचा दुरुपयोग आहे. शिवाय २०१७ च्या अधिनियमाचे कलम ३ म्हणते की, केवळ मानसिक आजार ठरला एवढ्यावरून ती व्यक्ती विकल मनाची आहे असे मानता येत नाही. तसे सक्षम न्यायालयानेच ठरवावे लागते. कलम १०५ प्रमाणे असा पुरावा पुढे येऊन त्याला हरकत घेतली गेली, तर न्यायालयाने तो तपासणीसाठी मानसिक आरोग्य मंडळाकडे पाठवावयाचा आहे. तेव्हा, भगिनींनो, सासरच्या मंडळींनी आणलेल्या औषधाच्या चिठ्ठीला घाबरून कोणत्याही कागदावर सही करू नका. पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडेच असावा, हे १९५६ च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचे कलम ६ सांगते. आणि वकिलाची फी नाही म्हणून गप्प बसू नका. १९८७ च्या विधिसेवा प्राधिकरण कायद्याने प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर साहाय्याचा हक्क दिला आहे.

एका बाबतीत मात्र आपला कायदा अपुरा आहे. बाळंतपणाच्या भ्रमात मातेच्या हातून अर्भकाचा जीव गेला, तर इंग्लंडमध्ये १९२२ पासून, व सुधारित रूपात १९३८ पासून, त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे. प्रसूतीच्या परिणामाने तिच्या मनाचा तोल ढळला होता, हे तेथे विचारात घेतले जाते आणि खुनाची सक्तीची शिक्षा टळते. आमच्याकडे अशी तरतूद नाही. तिच्यावर खुनाचाच आरोप ठेवला जातो, आणि त्याला जन्मठेपेहून कमी शिक्षा नाही. बचावासाठी उरते ते भारतीय न्याय संहितेचे कलम २२, म्हणजे जुन्या दंडसंहितेचे कलम ८४. आपण काय करतो किंवा ते गैर आहे हे कळण्याची शक्तीच नव्हती, हे त्याखाली तिनेच दाखवून द्यावयाचे असते. ज्या स्त्रीला कळत होते पण आवरत नव्हते, तिच्यासाठी तेथे जागा नाही. ही उणीव विधिमंडळाने व संसदेने दूर केली पाहिजे.

आपण काय करावे

वाचकहो, कायद्याचे पुस्तक घरात येऊन बाळंतिणीची विचारपूस करीत नाही. ती आपणच केली पाहिजे. पतीने रात्रीच्या एका वेळेस तरी मूल सांभाळून तिला सलग झोप मिळवून द्यावी. सासूने मुलगी झाल्याचा टोमणा जिभेवर येऊ देऊ नये. तिने मरणाची भाषा काढली तर ती थट्टा समजू नये. तिला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. १४४१६ ह्या टेलि-मानस क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य सल्ला मिळतो. स्तनपान चालू असतानाही घेता येतील अशी औषधे आहेत. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावीत व आपल्या मनाने बंद करू नयेत. आणि आपल्या विहारांतून, महिला मंडळांतून गावच्या परिचारिकेला सन्मानाने बोलवावे, तिच्याकडून हा विषय समजून घ्यावा, व प्रत्येक आरोग्य केंद्रात गर्भवतीची व बाळंतिणीची ही तपासणी व्हावी म्हणून ठराव करून तो लेखी स्वरूपात जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे पाठवावा.

बाळ जन्मले की सारे घर पाळण्याभोवती जमते. त्या वेळी घरातील एका तरी माणसाने खाटेकडे वळून ‘तुला कसे वाटते?’ असे विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत तेथेच थांबावे. आपला समाज हक्कासाठी लढण्यास कधी मागे राहिलेला नाही; बाळंतिणीच्या मनाचा हक्कही त्याने आपल्या लढ्यात घ्यावा, एवढीच माझी विनंती आहे.